दोन शर्यतींच्या मधल्या आठवड्यात एफ१ (फॉर्म्युला वन) ड्रायव्हर नक्की करतो काय?

पहिलं_वळण
रविवारी शर्यत संपते, पुढच्या गुरुवारी हे लोक पुन्हा पत्रकारांसमोर. मधल्या दिवसांत काय चालतं? सोशल मीडियावर बघावं तर विमान, गोल्फ आणि कुत्रं. क्रिकेटपटू नेट्समध्ये जातो, इथे तर चालू हंगामातली गाडी चालवायलाच बंदी आहे म्हणे. मग सराव कसला? आणि वजन जितकं कमी तितकं बरं, हे अजून खरं आहे का? जरा तपशिलात सांगा. 'जिम करतात' एवढं मलाही ठाऊक आहे.

सिमखोली
बरोबर ऐकलंत. हंगाम सुरू झाला की मोजके टायर टेस्ट वगैरे सोडले तर शर्यतीबाहेर चालू गाडी हातात येत नाही. जुन्या मॉडेलवर फेऱ्या मारता येतात, पण २०२५ पासून नियमित ड्रायव्हरला त्यातही वर्षाला १००० किमीचीच मुभा. एक शर्यत साधारण ३०५ किमीची, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. नेट्सच्या जागी सिम्युलेटर आहे, आणि मधला आठवडा त्याच्याभोवती रचलेला असतो.

सोमवार प्रवासात आणि मसाजमध्ये जातो. मंगळवारी किंवा बुधवारी फॅक्टरीत सिम, मग पुढचं विमान. गुरुवारी ट्रॅक वॉक (ट्रॅकवर पायी फेरी) आणि मुलाखती.

सिमवर बसल्याबरोबर पुढचा ट्रॅक लावत नाहीत. आधी गेल्या शर्यतीचाच ट्रॅक, तोच सेटअप (गाडीची जुळणी), तेवढंच इंधन, तेच वारं. गाडी रविवारी जशी वागली तशी इथे वागते का, हे ड्रायव्हरने सांगायचं. ही पायरी गाळली तर दिवसभर मिळालेली उत्तरं भलत्याच गाडीची असतात. नंतर पुढचा ट्रॅक, आणि एका वेळी एकच बदल: फ्रंट विंग (पुढचा पंख), राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग). दर बदलाला चार-पाच फेऱ्या. मध्येच मूळ सेटअप परत लावून बघतात, कारण ड्रायव्हर हळूहळू सरावतो आणि त्याच्या सुधारणेचं श्रेय सेटअपला जातं. शेवटी रूटीन कामं: स्टार्टला क्लच सोडणं, पिट एन्ट्री (टायर बदलायला आत वळणं), व्हर्च्युअल सेफ्टी कारमध्ये (धोका असताना सगळ्यांनी वेग उतरवायचा असतो तेव्हा) डेल्टा, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, सांभाळणं, कोणत्या दोन वळणांच्या मध्ये कोणतं बटण फिरवायचं.

सिम फसतं ते टायरपाशी. रबर तापणं आणि झिजणं हुबेहूब उतरत नाही, वाऱ्याचे झोतही नाहीत. म्हणून ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक नेमका कुठे मारायचा) सिमवर पाठ करणं फुकट. क्रम पाठ करायचा, मीटर शुक्रवारी ट्रॅकवर ठरवायचे. स्प्रिंटच्या (छोट्या जादा शर्यतीच्या) आठवड्यात क्वालिफाइंगआधी (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांआधी) तासाभराचा एकच सराव मिळतो, तेव्हा ही तयारी दुप्पट मोलाची.

डावा_पाय
वजनाचं आधी. २०१९ पूर्वी गाडी आणि ड्रायव्हर एकत्र मोजायचे, त्यामुळे उंच ड्रायव्हर अक्षरशः उपाशी राहायचे. २०१९ ला ड्रायव्हर आणि सीटसाठी वेगळी किमान मर्यादा आली: ८० किलो, २०२५ पासून ८२. कमी भरलात तर तेवढं बॅलास्ट (भरीचं वजन) सीटपाशीच लावावं लागतं. त्यामुळे पोट मारून हाती काही लागत नाही, उलट शेवटच्या वीस फेऱ्यांत लक्ष उडतं.

आता मान. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा-सात किलो धरा. ५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराच्या) वळणात ते तीस-पस्तीस किलोने बाजूला ओढलं जातं. व्यायाम मुख्यतः स्थिर ताणाचा असतो: डोक्याला हार्नेस, त्याला बँड किंवा दोरीने वजन, आणि चारही दिशांना मान न हलवता धरून ठेवणं. वजन लटकवून मान गोल फिरवण्याचा प्रकार करू नये, त्यात मणक्यांना उगाच इजा. जड सेशन मंगळवारनंतर नाही. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं, आणि तो दिवस शुक्रवार असला तर वीकेंड गेलाच म्हणून समजा.

बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या दिशेने जातात. इंटरलागोस, ऑस्टिन, सिंगापूर, अबू धाबी उलटे, तिथे आठवडाभर आधी डाव्या वळणांची बाजू जास्त घासून घेतात. मान दमली की ड्रायव्हर हेल्मेट हेडरेस्टला टेकवतो. मग गाडीची थरथर थेट डोक्यात जाते आणि समोरचं धूसर दिसतं.

ट्रेल_ब्रेक
+१, फक्त पाय राहिला. ब्रेक पेडलवर १०० किलोहून जास्त जोर लागतो, पण लेग प्रेसने ते साधत नाही. वेगात असताना डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) जास्त, म्हणून पहिला दाब झटक्यात आणि पूर्ण. वेग उतरतो तशी पकडही उतरते, म्हणून पाय त्याच प्रमाणात सोडत जायचं. सोडायला उशीर झाला की पुढचं चाक लॉक, टायरवर सपाट डाग आणि पुढे स्टिंटभर (टायर बदलेपर्यंत) थरथर. कौशल्य सोडण्यात आहे.

पहिलं_वळण
वा, भरपूर मिळालं. झोपेचं कसं करतात? २०२४ ला लास वेगस झाली शनिवारी रात्री आणि पुढच्याच शुक्रवारी कतारला सराव. घड्याळात अकरा तासांचा फरक!

सिमखोली
शरीर दिवसाला साधारण एक तास सरकतं, त्यामुळे सहा दिवसांत अकरा तास पूर्ण जुळत नाहीत. तो आठवडा सगळ्यांनाच जड गेला. जुळवाजुळव करायची ती उजेडाने: कोणत्या तासांत उन्हात जायचं, कोणत्या तासांत गॉगल लावायचा, हे ट्रेनर विमानात बसण्याआधीच लिहून देतो. कॉफीचेही तास ठरलेले.

सिंगापूर त्या मानाने सोपं, कारण तिथे घड्याळ हलवतच नाहीत. शर्यत रात्री ८ ला, म्हणजे मध्य युरोपात दुपारचे २. पहाटे पाच-सहाला झोपायचं, दुपारी उठून नाश्ता. पडदे कडेने टेपने चिकटवतात, एवढ्याशा फटीतून आलेला उजेडही झोप मोडतो.

डावा_पाय
सिंगापूरची खरी तयारी उष्णतेची. आठ-दहा दिवस आधीपासून व्यायामानंतर सॉना, किंवा तापवलेल्या खोलीत तासभर सायकल. रक्तातला द्रव पहिल्या चार-पाच दिवसांत वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो. खंड पडला की हे कमावलेलं एक-दोन आठवड्यांत उतरतं.

प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून मोजतात: आधीचं वजन वजा नंतरचं, अधिक मध्ये प्यायलेलं पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर. शर्यतीत दोन-तीन किलो सहज जातात. भरपाई दीडपट, आणि मिठासकट. नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम पातळ होतं, निम्मं लघवीवाटे निघून जातं आणि सोमवारी डोकं धरून बसावं लागतं.