मदत हवी आहे: सागरी सूक्ष्मजीवांच्या नमुन्यांत खोलीपुढे ऋतू दिसेनासा होतो

नमस्कार.

समुद्रातील सूक्ष्मजीव समुदाय खोलीनुसार आणि ऋतूनुसार कसे बदलतात, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. उपोष्ण पट्ट्यातील खुल्या समुद्रात एकाच ठिकाणी दोन वर्षे दरमहा, पृष्ठभागापासून ५०० मीटरपर्यंतच्या सात ठरावीक पातळ्यांवर घेतलेल्या नमुन्यांची सार्वजनिक विदा मी वापरत आहे. प्रत्येक नमुन्यात कोणता गट किती प्रमाणात आहे, हे १६एस जनुकावरून (सूक्ष्मजीवांचे गट ओळखण्यासाठी वापरले जाणारे जनुक) ठरवलेले आहे.

अडचण अशी की, सर्व नमुन्यांतील साम्यभेदांचा एकत्रित आलेख काढला की ते खोलीप्रमाणे ओळीने मांडले जातात आणि ऋतूचा मागमूस राहत नाही. खोलीचा प्रभाव मोठा असणार हे मला मान्य आहे. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा सूक्ष्म जीवाणू प्रकाश पोहोचतो तिथवरच वाढतो, त्याचेही तीव्र आणि मंद प्रकाशातले प्रभेद वेगवेगळ्या पातळ्यांवर राहतात, आणि त्याखालच्या अंधारात अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या आर्कियांचा (जीवाणूंहून वेगळ्या एकपेशीय जीवांचा) वाटा वाढत जातो. परंतु बर्म्युडाजवळ १९८८ पासून चालू असलेल्या निरीक्षणांत ऋतुचक्रही ठळक आहे. हिवाळ्याच्या अखेरीस वरचे पाणी थंड होऊन खोलवर, बहुतेक वर्षी १५० मीटरच्याही खाली, घुसळले जाते आणि पोषकद्रव्ये वर येतात. उन्हाळ्यात मात्र उबदार पाण्याचा पातळ थर वर राहून ही देवाणघेवाण जवळजवळ थांबवतो. एसएआर११ या समुद्रात विपुल आढळणाऱ्या जीवाणूंच्या गटाचे निरनिराळे प्रभेदही या चक्राबरोबर कमीजास्त होतात.

म्हणून मला वाटू लागले आहे की मीटरमधली खोली ही मोजपट्टीच येथे अपुरी आहे. फेब्रुवारीत १०० मीटरवरचे पाणी मिश्रित थराच्या (घुसळून एकजीव झालेल्या वरच्या पाण्याच्या) आत असते, म्हणजे त्यातले जीव थोड्याच वेळापूर्वी पृष्ठभागाजवळ असू शकतात. ऑगस्टमध्ये तीच पातळी मिश्रित थराच्या बरीच खाली, क्लोरोफिल सर्वाधिक असलेल्या थराजवळ येते. नमुन्यांची खोली मिश्रित थराच्या तळापासून मोजावी, तर घुसळण हाच ऋतूचा मुख्य परिणाम असल्यामुळे तो मोजपट्टीतच विरून जाईल, अशी भीती वाटते. यातून मार्ग कसा काढावा? शिवाय ५०० मीटरवर वसंतानंतर एक छोटा बदल दिसतो. तो तिथल्या जीवांच्या वाढीचा आहे की वरून बुडत आलेल्या कणांचा, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद

तुमची भीती रास्त आहे, पण दोन मोजपट्ट्यांतून एकच निवडण्याची गरज नाही, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ठरावीक मीटरवर पाहिले तर त्या जागी वर्षभरात काय काय येते ते कळते. मिश्रित थराच्या संदर्भात पाहिले तर घुसळणीचा भाग वजा केल्यावरही ऋतूचे काही उरते का, ते कळते. असे काही उरू शकते. पश्चिम इंग्लिश खाडीतील सुमारे ५० मीटर खोल स्थानकावर हिवाळ्यात विविधता सर्वाधिक आढळली आणि तिचा दिवसाच्या लांबीशी घनिष्ठ संबंध दिसला. प्रत्येक पातळीचे विश्लेषण आधी स्वतंत्र करा, आणि एकत्रित सांख्यिकीय चाचणीत नमुन्यांची यादृच्छिक अदलाबदल एकाच पातळीच्या आत मर्यादित ठेवा. खोली मग ऋतूला झाकणार नाही.

तुमची आकडेवारी सापेक्ष प्रमाणांची आहे, हे विसरू नका. वसंतात एक गट फोफावला की बाकीचे जागेवर असूनही घटल्यासारखे दिसतात, त्यामुळे लॉग-गुणोत्तरांवर (गटांच्या परस्पर प्रमाणांच्या लॉगरिदमवर) आधारित रूपांतर करावे आणि पेशींची प्रत्यक्ष गणना उपलब्ध असल्यास जोडावी. प्रायमरची (जनुकाच्या प्रती काढताना वापरलेल्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) आवृत्तीही तपासा, कारण ५१५–८०६ या प्रचलित जोडीची जुनी रूपे एसएआर११ आणि थॉमआर्किया (वर उल्लेखलेले अमोनिया-ऑक्सिडीकारक आर्किया) यांना कमी लेखत असत.

५०० मीटरसाठी एक सोपी कसोटी आहे. त्या अंधारात प्रोक्लोरोकॉकस वाढू शकत नाही. वसंतानंतरच्या बदलात त्याच्यासारखे प्रकाशावर जगणारे गट वाढले असतील, तर ते वरून आले आहेत; एसएआर२०२ या जीवाणूंसारखे खोल पाण्यातले गट बदलले असतील, तर तिथल्याच समुदायाने प्रतिसाद दिला असण्याची शक्यता जास्त आहे. मोठ्या छिद्रांच्या गाळणीवर अडकलेला भाग वेगळा तपासलेला असेल, तर कणांना चिकटून आलेले जीवही त्यात वेगळे दिसतील.