उन्नत स्थानक आणि गाडीबदल: दोष उंचीचा की आखणीचा?

रुळवाट: 'लाइट रेलचं (मेट्रोपेक्षा हलक्या शहरी रेल्वेचं) स्थानक उंचावर नेलं की बस-रेल्वे जोडणी मेलीच, रूळ जमिनीवरच हवेत' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मधे तिकीट मजला असला तर फलाट रस्त्यापासून बारा-तेरा मीटरवर जातो, कबूल. पण सरकता जिना सेकंदाला ०.५ मीटर चालतो. ३० अंशांच्या चढावर ६ मीटर उंची २४ सेकंदांत संपते. दोन टप्पे धरले तरी मिनिटभर! खरा वेळ खातो तो चौकापलीकडे ढकललेला बसथांबा. लंडनचं कॅनिंग टाऊन बघा: वर डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे), तिच्या बरोबर खाली मेट्रोची ज्युबिली लाइन, शेजारी बस स्थानक.

पदपथ: सोयीचं उदाहरण निवडलंत. मनिलात एलआरटी-१ या लाइट रेल मार्गाचं दोरोतेओ होसे स्थानक आणि एलआरटी-२ चं रेक्तो, दोन्ही उन्नत. मधे पादचारी पूल, तरी एका तिकीट गेटमधून बाहेर पडून दुसऱ्यातून आत जायचं.

रुळवाट: मग तो गेटचा दोष झाला ना! क्वालालंपूरच्या मस्जिद जमेक स्थानकात उन्नत आणि भुयारी मार्गांमधली गेटची अडवणूक २०११ मध्ये काढली. उंची होती तेवढीच राहिली.

लिफ्टवाला: दोघंही लिफ्ट सोडून बोलताय. रस्ता ते तिकीट मजला एक, तिथून फलाटाला दुसरी. यातली एक बंद पडली की व्हीलचेअरवाल्याला स्थानकच बंद. बिघाड बहुतेक दाराचे असतात: उंबऱ्याच्या खाचेत खडा अडकतो, दार पुरतं मिटत नाही, दार मिटल्याची खूण देणारा विजेचा सुरक्षा संपर्क जुळत नाही, लिफ्ट जागची हलत नाही. खाच रोज साफ करायचं कलम कंत्राटात घाला. आणि दोन कडेचे फलाट कशाला? प्रत्येकाला वेगळी लिफ्ट लागते. मधला एकच फलाट ठेवा, वाचलेली लिफ्ट त्याच फलाटाला जोडीने बसवा.

पदपथ: मधल्या फलाटासाठी स्थानकाआधी रूळ फाकवावे लागतात, पूल रुंदावतो. तो खर्च कोण मोजणार?

लिफ्टवाला: तो एकदाच होतो, लिफ्टची देखभाल जन्मभराची. सरकत्या जिन्याचंही ऐका. मीटरभर रुंद पायऱ्यांचा जिना मिनिटाला फार तर १०० माणसं नेतो. गाडीतून ३०० उतरली तर तीन मिनिटं तुंबणारच. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, तरी पैसे वाचवायला फक्त चढता जिना बसवतात!

रुळवाट: विषय जोडणीचा आहे. देखभालीचा धागा वेगळा काढा.

लिफ्टवाला: लिफ्टशिवाय जोडणी कुणासाठी? फक्त धडधाकटांसाठी? असं कसं लिहवतं तुम्हाला?

रुळवाट: बरं, राहू द्या इथेच. मग लिफ्ट दोन्ही बाजूंच्या पदपथांवर उतरली पाहिजे हेही लिहा, नाहीतर बससाठी रस्ता ओलांडणं सुटत नाही.

पदपथ: थांबा जिन्याशी आणला तर माझी निम्मी तक्रार मिटेल. निम्मीच. कारण जिना पदपथावरच उतरवला तर चालणारे रस्त्यावर येतात आणि बस कडेला लागत नाही. जिना शेजारच्या भूखंडात उतरवा, ती जागा आराखडा मंजूर होण्याआधी ताब्यात घ्या. खांब उभे राहिल्यावर ती मिळत नाही.