साखर तीच, मग मधुमेहाच्या उंबरठ्यावर मीच का?

लेस्टरवासी
मी मूळचा सांगलीचा असून गेली अकरा वर्षे इंग्लंडात लेस्टर येथे राहतो. वय ४३, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २४. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) ४४ आले, म्हणजे आपल्याकडच्या मोजणीप्रमाणे ६.२ टक्के, आणि डॉक्टरांनी ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगितले. माझा एक इंग्रज सहकारी चांगलाच स्थूल असून रोज दोन डबे कोला पितो, तरी त्याचा अहवाल निर्दोष आहे. मी मात्र दिवसातून चार कप चहा घेतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालतो, इतकेच. साखर भारतीयांना खरोखरच अधिक बाधते का? आई गूळ वापर म्हणते, त्याने काही फरक पडेल का?

जीवरसायन
साखरेच्या रेणूचे विघटन तुमच्या आणि त्या सहकाऱ्याच्या शरीरात सारखेच होते. अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतात जातो आणि गरजेहून जास्त झाला की तेथे त्याची चरबी बनू लागते. फरक पडतो तो ही चरबी शरीर कोठे ठेवते येथे. त्वचेखाली जागा भरपूर असेल तर माणूस जाड दिसतो, पण यकृत आणि स्वादुपिंड बराच काळ वाचतात. ती जागा लवकर भरली की चरबी पोटातील अवयवांभोवती आणि यकृतात साठते व इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो.

पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली तेव्हाही हेच दिसले: सरासरी वजन २.७ किलो, तेथे ३.५ किलो, आपली बाळे स्नायूंनी व अवयवांनी बरीच लहान, पण चरबीत त्या मानाने फारशी मागे नव्हती. तेव्हा तुमच्या चहातील साखर अशा शरीरात जाते, जेथे साठवणीची जागा आधीच कमी आहे.

आडनावात_काय
वरील विवेचन मान्य आहे, पण ‘भारतीय’, ‘गोरे’, ‘काळे’ ही लेबले जपून वापरावीत. अमेरिकेतील डॅलस येथील पाहणीत यकृतात जादा चरबी असलेल्यांचे प्रमाण हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांत ४५ टक्के, गोऱ्यांत ३३ आणि कृष्णवर्णीयांत २४ टक्के होते. तरीही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत मधुमेह गोऱ्यांपेक्षा जास्तच आहे. याचा अर्थ सर्वांचा मार्ग एकच नाही. हिस्पॅनिक लोकांत यकृतातील चरबीशी निगडित पीएनपीएलए३ जनुकाचा एक प्रकार बराच आढळतो आणि ज्या मुलांत जनुकाच्या दोन्ही प्रती याच प्रकारच्या असतात, त्यांच्यात साखरेचे सेवन आणि यकृतातील चरबी यांचा संबंध विशेष ठळक दिसतो.

साखर सर्वांच्या शरीरात सारखीच फुटते, हे मात्र पूर्णतः खरे नाही. ग्रीनलंडमधील काही लोकांत आतड्यात साखर फोडणारे विकरच जन्मतः निष्क्रिय असते. लहानपणी त्यांना साखर पचत नाही, पोट बिघडते. मोठेपणी मात्र त्यांचे वजन कमी आणि रक्तातील मेद चांगला आढळतो.

शिवाय परिस्थिती विसरू नये. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाचे पिमा आणि मेक्सिकोतील पिमा या आदिवासींचा वंश जवळचा, पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मधुमेहाचे प्रमाण अनुक्रमे ३८ आणि ६.९ टक्के होते. आहार आणि अंगमेहनत वेगळी, एवढाच काय तो मोठा फरक.

आहारतज्ज्ञ_नाशिक
लेस्टरवासी, आठ चमचे म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन हजार कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम आहे आणि शक्य असल्यास २५ ग्रॅम. बिस्किटे, फळांचे रस आणि केचअप त्यातच धरायचे. गूळही बव्हंशी साखरच आहे, त्यामुळे आईंचा मान राखूनही त्याने फरक पडणार नाही.

इंग्लंडातील २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार गोऱ्यांना बीएमआय ३० असताना मधुमेहाची जी जोखीम असते, ती दक्षिण आशियाईंना २३.९ लाच गाठते. तुमचा २४ आणि सहकाऱ्याचा तिशीतला आकडा असे शेजारी ठेवून पाहा, म्हणजे ‘मी तर बारीक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. साखरेसोबत ताटातला भातही मोजा. आपल्याकडे पिष्टाचा वाटा मुळातच मोठा असतो. तरी साखरेपासूनच सुरुवात करावी, असे मी म्हणते, कारण अमेरिकेत ४३ स्थूल हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय मुलांची एकूण ऊर्जा तेवढीच ठेवून नऊ दिवस साखरेऐवजी पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा एवढ्या अल्पावधीतही त्यांच्या रक्तातील मेद आणि इन्सुलिन सुधारले.

लेस्टरवासी
सर्वांचे आभार. आईला फोन करून विचारले. माझे जन्मवजन सव्वादोन किलो होते. आजपासून चहात अर्धा चमचा.

जीवरसायन
बीएमआयपेक्षा कंबर मोजा. आपल्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर आहे, युरोपीयांसाठी ९४. फीत बेंबीपाशी धरायची आणि श्वास आत ओढायचा नाही.