वॉल-ई: त्या जहाजात जागा मिळाली कोणाला?

पूर्व_नागपूर
'वॉल-ई' (पिक्सार, २००८, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन) हा माणुसकीवरचा थोर अ‍ॅनिमेशनपट आहे असं ज्याला विचारावं तो सांगतो. मलाही तो आवडतो. पण त्यातल्या माणुसकीवरच माझा आक्षेप आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वी कचऱ्यानं भरली. 'बाय एन लार्ज' नावाच्या कंपनीनं माणसांना अंतराळजहाजांत बसवून पाठवून दिलं आणि खाली कचरा दाबून ठोकळे करणारे यंत्रमानव ठेवले. सातशे वर्षांनी त्यातला एकच चालू आहे, वॉल-ई. तिकडे जहाजातली माणसं खुर्चीतून उठणंसुद्धा विसरली आहेत.

आता प्रश्न. त्या जहाजात जागा मिळाली कोणाला? मी नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डच्या, म्हणजे शहराच्या कचऱ्याच्या ढिगाच्या बाजूला राहतो. उन्हाळ्यात ढिगाला आग लागली की धूर थेट घरात. त्याच ढिगावर बाया बोरा घेऊन पन्नी वेगळी, पुठ्ठा वेगळा, लोखंड वेगळं करतात, तेव्हा कबाड्याकडे माल पोचतो. जिथं कचरा तिथं अशी माणसं असतातच. चित्रपटात कचऱ्याच्या ठोकळ्यांचे मनोरे इमारतींहून उंच आहेत, पण वेचणारं माणूस एकही नाही. माणूस म्हणजे फक्त गिऱ्हाईक! ज्यांच्याकडे माणुसकी दिसली असती त्यांना गोष्टीतून आधीच काढलं, मग ती यंत्राच्या डोळ्यांत घालावी लागली.

सदर_बाजार
अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या बाईला शोधताय ती पडद्यावर आहे, तिचंच नाव वॉल-ई आहे.

त्याची निवड आठवा. लायटर एका खणात, रुबिक क्यूब एका खणात. चमचा आणि काटा एकत्र असलेली वस्तू हाती येते तेव्हा ती चमच्यांत ठेवायची की काट्यांत, यावर तो थबकतो. हिऱ्याची अंगठी फेकून देतो आणि डबी ठेवून घेतो. वस्तूकडे असं बघणं वेचणाऱ्याचंच. पहिला अर्धा तास जवळजवळ संवाद नाहीत, ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांच्या ध्वनींवर सगळं चालतं, आणि तरी त्याचं एकटेपण आपल्यापर्यंत पोचतं. कष्टकऱ्याला नायक करणं आणखी कसं असतं?

पूर्व_नागपूर
नायक केला, पण कोणता? जो मजुरी मागत नाही, ज्याला खोकला होत नाही, पोरगी शाळेत घालायची नाही. काही मागतच नाही म्हणून तो आपल्याला इतका गोड वाटतो. खऱ्या वेचणाऱ्या बाईनं ओळखपत्र मागितलं की आपल्या सोसायटीतली हीच हळवी माणसं गेट लावून घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

इंदोरा_चौक
दोघंही ऐका भाऊ. माझी आई झाडूकामगार होती, मामा गटारात उतरायचा. तुम्ही दोघं आमच्या कामात सौंदर्य पाहून राहिले, एकाला ते यंत्रात दिसते, दुसऱ्याला बाईत. मला त्या कामात काहीच सुंदर दिसत नाही. हे काम यंत्रानंच करावं.

हातानं मैला साफ करायला लावण्यावर २०१३ चा कायदा बंदी घालते, तरी गटारात गुदमरून मेल्याच्या बातम्या येऊनच राहिल्या. केरळात २०१८ पासून मॅनहोल साफ करणारं यंत्र आहे. त्यात माणूस वर उभा राहून ते चालवते, आणि जे आधी आत उतरायचे त्यांनाच चालवायला शिकवलं. मला हा यंत्रमानव पाहिजे. त्याले डोळे नसले तरी चालते. त्याचं बटण कोणाच्या हाती, ते सांगा. वॉल-ईचं बटण कंपनीच्या हाती होतं. कंपनी पळाली आणि तो सातशे वर्षं राबला.

डॉ_धंतोली
जाड माणसं दाखवून हसवलं, असाही आरोप या चित्रपटावर होतो. तो मला मान्य नाही. अंतराळात हाडांची घनता महिन्याला साधारण एक टक्का घटते, आणि चित्रपटही हाडं झिजल्याचं कारण सांगतो. हसण्याचा विषय शरीर नाही, खुर्ची आहे. बाकी चर्चा चालू द्या.

सदर_बाजार
@इंदोरा_चौक, बटणाचा मुद्दा तुम्ही मांडलात तर जहाजाचं सुकाणू बघा. 'ऑटो' नावाच्या स्वयंचलित सुकाणूला कंपनीच्या प्रमुखाचा गुप्त आदेश आहे, ए-११३: पृथ्वीवर परतायचं नाही. आदेश २११० सालचा, गोष्ट २८०५ ची. देणारा मेला, पृथ्वीवर रोप उगवलं, तरी ऑटो आदेश सोडत नाही. कॅप्टन म्हणतो, मला नुसतं तगून राहायचं नाही, जगायचं आहे, आणि धडपडत दोन पायांवर उभा राहतो. माणसाची माणुसकी तिथं आहे, @पूर्व_नागपूर. ती यंत्रानं दिलेली नाही.

पूर्व_नागपूर
उभा राहतो, खरं आहे. मग खाली उतरून मुलांना म्हणतो, शेती करू, पिझ्झाची झाडं लावू. प्रेक्षक हसतात, मला मात्र तिथं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. काळी माती कधी वाफशावर येते, बी किती खोल टाकायचं, हे जाणणारा एकही हात जहाजात नव्हता. श्रेयनामावलीत गुहाचित्रांपासून व्हॅन गॉगच्या शैलीपर्यंत चित्रं येतात, त्यात माणसं आणि यंत्रं मिळून शेती करताना दिसतात. फार देखणी आहेत ती. पण शिकवलं कोणी? यंत्रांनी. माझा आक्षेप तिथंच अडून आहे.

इंदोरा_चौक
तुमचा जागेचा प्रश्न बरोबर आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण एक सीन तुम्ही दोघांनी सोडला. वॉल-ईचे सुटे भाग बदलतात तेव्हा तो सगळं विसरते. ईव्ह, म्हणजे त्याची यंत्रमानव मैत्रीण, त्याच्यापुढे त्याच्याच जमवलेल्या वस्तू धरते, आणि तो त्या दाबून ठोकळा करते. कंपनीनं बनवला होता तसा, फक्त काम करणारा. मी तो सीन पाहताना मामा आठवला. साहेबांना तो तसाच पाहिजे होता. आमच्या वस्तीतल्या पोरांना मी हा पिक्चर दाखवणार आहे, आणि त्या सीनवर थांबवून विचारणार आहे की याचं आता काय करायचं. ज्याला यायचं त्यानं या.

पूर्व_नागपूर
येतो. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. पण जहाजाचा प्रश्नही पोरांपुढे ठेवीन.