नेली झाक्स वाचली ती पत्रांमुळे की वशिल्यामुळे?

मृण्मयी (धागाकर्ती):
काल रात्री नेली झाक्सचं नोबेलच्या मेजवानीतलं १९६६ चं छोटंसं भाषण परत वाचलं आणि झोपच लागेना, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेली ही बर्लिनची ज्यू कवयित्री, जन्म १८९१. पंधराव्या वाढदिवसाला तिला सेल्मा लागरलॉफने लिहिलेली 'गोस्ता बेर्लिंग' ही कादंबरी भेट मिळाली (तीही १८९१ चीच, म्हणजे पुस्तक आणि वाचणारी एका वयाची!) आणि पोरगी इतकी भारावली की दूरदेशीच्या त्या बाईंशी तिचा पत्रव्यवहारच सुरू झाला. सेल्मा म्हणजे कोण, तर स्वीडनची लेखिका, १९०९ साली साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. १९२१ मध्ये नेलीने स्वतःचं पहिलं पुस्तक पाठवलं तर बाईंनी साध्या कार्डावर कळवलं की मला स्वतःला याहून चांगलं जमलं नसतं.

मग आलं १९३९. वडील केव्हाच वारलेले, नेली आणि तिची म्हातारी आई हिटलरच्या बर्लिनमध्ये अडकलेल्या. गुड्रून नावाची मैत्रीण, स्वतः ज्यू नाही, उन्हाळ्यात स्वीडनला गेली, ऐंशीच्या आजारी सेल्माबाईंना गाठलं आणि शिफारशीची चिठ्ठी मिळवली, राजघराण्यातले चित्रकार युजेन यांनीही शब्द टाकला. तरी व्हिसा हातात पडेपर्यंत १९४० चा मे उजाडला. तोवर डेन्मार्क-नॉर्वे जर्मनांनी घेतले होते, सक्तीच्या मजुरीच्या छावणीत हजर व्हा असा हुकूम नेलीला येऊन पडला होता, आणि सेल्माबाई मार्चमध्येच गेल्या होत्या. मायलेकी विमानाने स्टॉकहोमला उतरल्या पण जिला पत्रं लिहिली तिची भेट नाहीच.

माझं मत सरळ आहे, ही ओळख तिने टपालाच्या तिकिटांवर कमावली होती आणि वेळ आल्यावर मदत मागितली यात कमीपणा काहीच नाही. तुम्हाला काय वाटतं?

सातारकर:
माहिती चांगली आहे, मत नाही पटलं. आपल्याकडे याला वशिला म्हणतात आणि तो कवयित्रीचा असला म्हणून पवित्र होत नाही. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' शिक्का (जे म्हणजे ज्यू) बसायला लागला, आणि तोच शिक्का बघून स्वीडननेही माणसं सीमेवरून परत फिरवली. शिवणकाम करणारी, दुकानात हिशोब लिहिणारी, तिने कुणाला पत्र लिहायचं होतं? ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनमधून गाड्या भरून लोक पूर्वेकडे पाठवले गेले, त्यात चांगल्या कविता न लिहिणारेच जास्त होते ना.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. माझ्या वडलांना ऑपरेशनसाठी बेड मिळत नव्हता, एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणली आणि तासाभरात मिळाला. शेजारी एक काका सतरंजीवर जमिनीवर, पायाला पट्टी, उशाला स्टीलचा डबा, ते तीन दिवस तसेच होते. चिठ्ठी मीच आणली होती, परत वेळ आली तर परत आणीन, पण तिला माणुसकी म्हणणार नाही.

अनुजा ठाणे:
सातारकर, तुमच्या वडलांचं वाचून वाईट वाटलं, पण तुलना चुकतेय. हॉस्पिटलात बेड मोजके असतात, एकाला दिला की दुसऱ्याचा जातो. नेलीला व्हिसा दिला म्हणून कुणाचा काढून घेतला का? स्वीडनने दार लावून घेतलं होतं, त्या दारात एका म्हातारीने पाय घातला आणि दोघी आत आल्या. दार लावणाऱ्यांना दोष द्यायचा की पाय घालणारीला? आणि सेल्माबाई तेव्हा आपल्या शेवटच्या वर्षात होत्या हो, कितीजण अशा वेळी परक्या देशातल्या चाहतीसाठी लेखणी उचलतील?

करवीरकर:
मी मधला मुद्दा मांडतो. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, रशियात हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे आलेली. त्यातल्या प्रत्येकीची कुणा नोबेलवाल्याशी ओळख नव्हती. सरकारासरकारांत ठरलं, बराकी उभ्या राहिल्या, शाळा, चर्च सगळं झालं. मदत अशी ठोक व्हायला हवी, चिठ्ठीवर एकेक जीव सुटणं हे त्या काळाचं अपयश आहे. पण म्हणून चिठ्ठी लिहिणारीला बोल लावणं मलाही नाही पटत.

पुस्तककिडा:
तुम्ही सगळे सेल्माबाईंवरच भांडताय. मला सगळ्यात मोठी वाटते ती गुड्रून. १९३९ मध्ये जर्मन बाईने ज्यू मैत्रिणीसाठी परदेशी जाऊन दारोदार फिरायचं, घरी परत जर्मनीतच यायचं, यात काय जोखीम असेल विचार करा. नेलीने भाषणात तिचं नावही नाही घेतलं, 'माझी एक जर्मन मैत्रीण' एवढंच. तीस वर्षांची पत्रं खरी पण ती पोचवायला शेवटी पायच लागले.

मृण्मयी:
पुस्तककिडा, हे अगदी खरं आणि माझ्याकडून धाग्यात दोन ओळींत उरकलं गेलं, माझी चूक.

सातारकर, तुमचा राग मला कळतो, शिवणकाम करणारीचा प्रश्न मी टाळणार नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वशिला या शब्दावर मी अजून अडलेय. वशिल्यात देणाऱ्याला काहीतरी परत मिळतं, मत, पैसा, उपकाराची जाणीव. सेल्माबाईंना काय मिळणार होतं? आणि स्टॉकहोमला येऊन नेलीला काय मोठं सुख लागलं? लहानसं घर, आई आजारी, पोटासाठी स्वीडिश कवितांची जर्मन भाषांतरं, आणि स्वतःच्या कविता रात्री, आईची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता. जे गाडीतून गेले त्यांच्यावरच्या कविता आहेत त्या. शिवणकाम करणारीचं नाव कुणी घेतलं असेल तर ते याच बाईने अंधारात बसून घेतलंय.

भाषणात ती सांगते की बर्लिनमध्ये दर १० डिसेंबरला वडील म्हणायचे, आता स्टॉकहोमला नोबेलचा समारंभ चालू असेल. तो तिचा वाढदिवस. पंचाहत्तरावा तिथेच उभी राहून साजरा झाला.

एक विचारू का, त्या सतरंजीवरच्या काकांचं पुढे काय झालं?

सातारकर:
माहीत नाही. चौथ्या दिवशी वडलांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं, सामान घ्यायला परत गेलो तर जागा रिकामी होती, डबाही नव्हता. नर्सला विचारणार होतो, पण मला त्यांचं नावच ठाऊक नव्हतं. तुमचं आईच्या झोपेचं वाचलं, त्या कविता वाचेन. मराठीत कुणी केल्या असतील तर इथे सांगा.