घरात स्वतःचा कॅशिंग डीएनएस हवा की नको?

खटपट्या :
गेल्या वर्षी रात्रीचे आठ वाजले की घरात ओरडा सुरू व्हायचा, "नेट गेलं!" गेलेलं नसायचं. १.१.१.१ या आकडी पत्त्याला पिंग लागायचं, म्हणजे तिथून उत्तर यायचं, फक्त नावाने साइट उघडायची नाही. आमच्या नेटवाल्याचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर, त्या वेळी मान टाकायचा. शेवटी जुन्या रास्पबेरी पायवर (छोटासा संगणक) अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम बसवला. तो थेट रूट सर्व्हरपासून (डीएनएसच्या सर्वांत वरच्या पायरीपासून) विचारत जातो आणि मिळालेलं उत्तर टीटीएल (उत्तराची मुदत) संपेपर्यंत जवळ, कॅशमध्ये ठेवतो. डिग (डीएनएस तपासायची कमांड) मारून पाहिलं : बँकेची साइट पहिल्यांदा १४० मिलिसेकंद, लगेच दुसऱ्यांदा ०. माझं मत पक्कं झालंय, हे काम घरातच व्हायला हवं.

रेवती_प :
असहमत. दुखणं नेटवाल्याच्या डीएनएसचं होतं. राऊटरमध्ये १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) किंवा ८.८.८.८ (गूगल) हा सार्वजनिक डीएनएस टाकला असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं. तिथे बहुतेक नावं आधीच कोणीतरी विचारून ठेवलेली असतात; चौघांच्या घरातली कॅश भरून किती भरणार? त्यात अनेक मोठ्या साइट्सचा टीटीएल ६० नाहीतर ३०० सेकंद. ब्राउझर आणि फोन स्वतःही कॅश ठेवतातच, त्यामुळे ते ० फारसं कामाला येत नाही. १४० मात्र पुन्हा पुन्हा मोजावे लागतात.

खटपट्या :
टीटीएलचं मान्य, म्हणून प्रीफेच चालू केलंय. मुदत संपत आलेलं नाव कोणी विचारलं की अनबाउंड ते मागच्या मागे ताजं करून घेतो. पण घरातलं कोण कुठे जातं याची यादी एकाच कंपनीच्या हाती का द्यायची?

कोकणवारा :
अनबाउंड रूटपासून विचारतो ते पोर्ट ५३ वरून, उघड्यावर, एनक्रिप्शनशिवाय. म्हणजे यादी नेटवाल्याला दिसतेच. टीएलएसने (एनक्रिप्ट करून) पोर्ट ८५३ वरून बाहेरच्या डीएनएसकडे फॉरवर्ड केलं तर झाकली जाते, पण मग कंपनी आलीच.

माझ्याकडेही पायवर अनबाउंड होता, माझा अनुभव सांगतो. गणपतीला मेन स्विच बंद करून दहा दिवस गावी गेलो. परतल्यावर एकही साइट उघडेना, सगळीकडे सर्व्हफेल (डीएनएसची 'उत्तर देता आलं नाही' ही चूक). रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. त्याच्या लेखी आम्ही निघालो तोच दिवस चालू होता. डीएनएससेकच्या (उत्तर खरं आहे हे डिजिटल सहीने तपासण्याची पद्धत) ताज्या सह्या त्याला पुढच्या तारखेच्या दिसल्या, म्हणून सगळी उत्तरं नापास. घड्याळ लावायला टाइम सर्व्हर हवा, त्याचं नाव शोधायला डीएनएस हवा! मुलीने ऑनलाइन परीक्षा शेजाऱ्यांच्या वायफायवर दिली. त्या दिवशी ते काढून ठेवलं.

रेवती_प :
हेच म्हणतेय. तुम्ही ऑफिसात असताना असं झालं तर घरी कोण निस्तरणार? आणि अडीअडचणीला दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकला तर काही उपकरणं पहिला चालू असतानाही त्यालाच विचारतात.

खटपट्या :
मुलीच्या परीक्षेचं वाचून वाईट वाटलं. मी पायला डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळ जोडलंय, शिवाय टाइम सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत दिलाय. राऊटरवर कागद चिकटवलाय : १९२.१६८.१.१ उघडा, डीएनएस 'ऑटो' करा, फोनचं वायफाय बंद-चालू करा. रविवारी मुद्दाम पायची वायर काढून आईला करायला सांगितलं. चष्मा शोधण्यासकट सहा मिनिटं लागली.