विषय: आठवीनंतर मुलं गळतात, काय करावं?

युवा समितीकडून

नमस्कार काका,
इथे परदेशात आमच्या मंडळाचा बालवर्ग भरलेला असतो, पण आठवीत गेली की मुलं यायची बंद होतात. तुमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिरातला 12 ते 17 वयाचा गट टिकून आहे, असं कळलं. रविवारचा दीड तास कसा भरता? पखवाज मागवावा का?

पुण्याहून उत्तर

ताई,
दीड तास आपण भरायला गेलो की मुलं पाहुणी होतात. त्यांच्या अंगावर काम टाका.

आमच्याकडे हरिपाठ आणि पाऊली (भजनाच्या ठेक्यावर टाकायची पावलं) 25 मिनिटं, वाद्यं 25, चर्चा 20, उरलेल्या वेळात पुढच्या कार्यक्रमाची तयारी. 27 अभंगांचा हरिपाठ एका दमात घेतलात तर नवी मुलं घड्याळ बघायला लागतात. पाच अभंग पुरेत. पाऊली बसेपर्यंत टाळ देऊ नका. पाय अडखळला की हात चुकतो, आणि पंधरा टाळ एकदम वाजले की लय पळते. चार रविवार नुसत्या टाळ्या, मग तिघांनाच टाळ, तेही पखवाजाशेजारी उभे करून.

पखवाज घ्या, पण एकच. बाकीच्यांनी 8 मात्रांचा भजनी ठेका मांडीवर वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, ओली कणीक लावतात, ती वाजवून झाल्यावर लगेच खरवडून काढायची. विसरलात तर वाळून कडक होते आणि काढताना कातडं जातं. हे काम एका मुलाच्या नावावर लिहून टाका. पुण्याच्या पावसाळी हवेत पुडी ढिली पडते. तुमच्या हीटरच्या कोरड्या हवेत ताणली जाऊन स्वर चढेल. गठ्ठे (पुडी ताणायचे लाकडी ठोकळे) ठोकायची हातोडी मात्र जाणत्याकडेच असू द्या.

चर्चेला निनावी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. एखादी चिठ्ठी हमखास येते: पंढरपुरात चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, देवळाबाहेर का? तिथे प्रवचन सुरू केलंत की गट हातचा गेला. साने गुरुजींनी 1947 मध्ये हेच मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं, एवढं सांगा आणि मुलांना भांडू द्या.

खरी कसोटी पालखीच्या मुक्कामाला. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. केळी-चिवडा वाटायला अख्खं पुणं उभं असतं, त्यात आपली भर नको. वारकऱ्याला हवं असतं मोबाइल चार्जिंग, तुटलेल्या चपलेला टाका, पायाला लावायला तेल. आणि सालींसाठी पोती, ती तर दुप्पट न्यावीत. चार्जिंगला दिलेल्या प्रत्येक फोनला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा, तिचाच जोड मालकाच्या हातात. नाहीतर संध्याकाळी चाळीस काळे फोन आणि चाळीस मालक समोर उभे.

युवा समितीकडून

आमच्याकडे पालखी कुठली! पैसे आणि सुरक्षिततेचं कसं करता? दहावीचं वर्ष?

पुण्याहून उत्तर

पालखी नसली तरी आषाढीला बागेत छोटी दिंडी निघू शकते. परवानगीचा अर्ज मुलांनीच लिहावा, मोठ्यांनी फक्त सही करावी.

पैसे: दोन हजारांची उचल, दोन मुलांच्या सह्यांची वही, महिन्याला हिशेब. पावती नसेल तर पुढची उचल नाही. पहिल्या महिन्यात वही जुळणार नाही, तेव्हा रागावू नका. नाहीतर दुसऱ्या महिन्यात ती खोटी जुळेल.

सुरक्षितता: एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नाही. कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. इकडे भारतात मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा आहे. तिकडचे नियम आधी वकिलाला विचारा. मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात दोन पालक हवेतच.

दहावीची मुलं दिवाळीनंतर येत नाहीत, म्हणून जबाबदारीची कामं जून ते दिवाळी. त्यांचं नाव हजेरीतून काढू नका. परीक्षा संपल्यावर लहानांना पाऊली शिकवायला त्यांनाच बोलवा.